देवाच्या डाव्या अंगाचा पंखा

“मगे असा करूया,” दाजी पालव म्हणाला, “देवाक इचारूचा काय नको, ता देवाकच इचारूया.”

सभामंडपात बसलेल्या सगळ्या गावानं माना डोलावल्या. इतका शहाणपणाचा तोडगा जन्मात ऐकला नव्हता, असे एकेकाचे चेहरे झाले होते. मी बाहेरच्या कठड्यावर बसून हसले. मोठ्यानं हसले, कारण हळू हसायची मला सवय नाही.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. खोलवडे हे आमचं गाव सिंधुदुर्गात आहे. सरपंच थेट गावानंच निवडायचा अशी पद्धत तेव्हा नवीन आली होती आणि आमची जागा बाईसाठी राखीव निघाली होती. दोन नावं पुढं आली. एक दाजीची सून मयुरी. तिला सरपंच व्हायचंय का, हे तिला कुणी विचारलं नव्हतं. दुसरी खालच्या वाडीतली सुगंधा मोंडकर. ती आशा सेविका होती. नवरा गेल्यावर सासू आणि मुलगी यांना सांभाळत घरोघरी गोळ्या वाटत फिरायची, त्यामुळे गावातली प्रत्येक चूल तिला ठाऊक होती.

सुगंधाचं म्हणणं एकाच वाक्याचं होतं. मी सरपंच झाले तर दाजीच्या खाणीला ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला पुन्हा मिळणार नाही. दाजीची खाण म्हणजे घरबांधणीचा तांबडा चिरा काढायची खाण, खालच्या वाडीच्या बरोबर डोक्यावर. ती खणायला लागल्यापासून वाडीची झर आटत चालली होती. पूर्वी मे महिन्यातही तिथं कळशी बुडायची. आता होळी सरली की नुसता चिखल. बायका नदीवरून पाणी आणायच्या, घाटी चढून, डोक्यावर.

हे ऐकल्यावर दाजीला अचानक गावाच्या एकीचं प्रेम आलं. निवडणूक झाली तर भावाभावांत वैर येईल, घरं फुटतील, वाड्या फुटतील. डोंगर फोडताना त्याला हे आठवलं नव्हतं. त्यापेक्षा देवाला कौल लावू, देव सांगेल ती सरपंच, दुसरीनं अर्ज मागं घ्यायचा. आणि कुणी म्हणालंच की हे देवावर टाकणं बरं नव्हे, तर त्यावर हा तोडगा: देवालाच विचारू.

सभा देवळात भरली होती. ग्रामपंचायतीच्या इमारतीत जागा होती, खुर्च्याही होत्या, पण तिथं देव नव्हता.

“गो शालन,” दाजीनं मला कठड्यावर पाहिलं, “तू हंय? आज सूर्य खंयसून उगवलो?”

दाजी आणि मी एका वर्गातले. चौथीपर्यंत त्यानं माझ्याच पाटीवरची गणितं उतरवली होती.

“सभा गावाची आसा, दाजी. मी गावातली आसंय. देवळात मी येवक नाय, कठड्यार बसलंय.”

“मगे तुझा काय म्हणणा?”

“माझा म्हणणा, मतदान करा. सरकारान पेटी दिल्यान हा ती कित्याक? देव मतदारयादीत नाय.”

कुणी तरी पोरगं फिसकन हसलं आणि बापाच्या एका नजरेनं गप्प झालं. दाजी मात्र रागावला नाही. तो माझ्यावर कधीच रागवायचा नाही, आणि माझा संताप व्हायचा तो त्यामुळेच. आजारी माणसाकडं बघावं तसं तो माझ्याकडं बघायचा.

सगळेच तसं बघतात. मी नास्तिक आहे हे कळलं की लोक आवाज खाली आणून विचारतात, “काय झालं होतं हो तुम्हाला?” कुणी गेलं का? नवस फळला नाही का? लग्न मोडलं का? काही झालं नव्हतं. मी मेस्त्र्याची मुलगी, शिकले, तीस वर्षं कणकवलीत हायस्कूलला विज्ञान शिकवलं, विचार केला आणि मला पटेना. संपलं. पण एवढं साधं कारण लोकांना पचत नाही. शेजारच्या काकू अजून माझ्या फोनवर रोज सकाळी फुलांचं आणि देवाचं चित्र पाठवतात. बहुधा हळूहळू गुण येईल अशी त्यांची आशा आहे.

तर त्या दिवशी कौल लागला. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडं रवळनाथाच्या पाषाणाला गुरव ओल्या पाकळ्या लावतो. त्यांना कळे म्हणतात. काही देवाच्या उजव्या अंगाला, काही डाव्या. मग गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली की देवाचा होकार, डावी पडली की नकार. लग्नं यावर ठरतात, विहिरी यावर खणल्या जातात, भावाभावांचे बांध यावर सरकतात.

आबा गुरवानं पाकळ्या भिजवल्या, लावल्या आणि हात जोडले.

“बा देवा रवळनाथा, आज तुझी सगळी पोराबाळा तुझ्या दारात जमली हत, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” गाव एका आवाजात म्हणालं.

“सरपंच कोणी व्हायचा, ह्येचो निवाडो तू करूचो असात, तर उजवो कळो दी, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

कठड्यावरून गाभाऱ्याचं दार सरळ दिसायचं. मी कंटाळून आत बघत होते. दाजीनं आदल्या दसऱ्याला देवाला पंखा दिला होता, भिंतीवरचा, चांगला मोठा. जाळीच्या मधोमध लाल रंगात लिहिलं होतं, ‘दाजी पालव यांजकडून देवाचरणी अर्पण’. पंखा घरघरत होता. देवाच्या उजव्या अंगावरच्या पाकळ्यांच्या कडा थरथरत होत्या, डाव्या अंगाच्या गप्प चिकटून होत्या. थोड्या वेळानं उजवी एक पाकळी वाळून वर उचलली गेली, लटकली आणि पडली.

देव निवाडा करायला तयार होता. गावानं नमस्कार केला. मोठा कौल पुढच्या सोमवारी सकाळी ठरला.

मी मात्र त्या पंख्याकडंच बघत राहिले. मला आठवायला लागलं. पंखा लागल्यापासून देवानं दाजीला एकदाही नाही म्हटलं नव्हतं. खाणीच्या ट्रकांचा रस्ता देवस्थानच्या जमिनीतून न्यावा का? उजवा. शिमग्याला पालखी आधी दाजीच्या अंगणात यावी का? उजवा. ‘देव दाजीक पावता’ असं गावात लहान पोरही म्हणायला लागलं होतं. पंखा देवाच्या उजवीकडं होता, आणि तो तिथं होता कारण गाभाऱ्यातला एकुलता एक प्लग त्या बाजूला होता.

मी हसत हसत कठड्यावरून उतरले. सुगंधा वाटेवर माझ्या पुढं चालली होती. हाक मारली तर ती थांबली, पण वळून बघेना.

“सुगंधा, आयक तरी. माका एक गंमत गावली हा.”

“तुमका सगळी गंमतच दिसता, बाई.” ती वळली. डोळे लाल होते. “तुमी कठड्यार बसतास आणि हसतास. गाव येडा म्हणतास. आसतला येडा. पण तुमच्या हसण्यान माझी कळशी भरणा नाय. तुमच्या घराक बोअर आसा. सोमवारी देव दाजीकडसून बोलतलो, माका अर्ज मागे घेवचो लागतलो, आणि तुमका हसाक आणखी एक गंमत गावतली.”

कळशी काखेत घेतल्यासारखा तिचा एक हात कमरेवर होता. तो तिचा कायमचाच झाला होता, सवयीनं.

मला राग आला. खरं बोललेलं मला इतरांइतकंच झोंबतं. मी तिचं मनगट धरलं आणि म्हटलं, “चल माझ्या घराक.”

स्वयंपाकघरात माझ्या आईचा जुना पाटा होता. तो मी भिंतीला टेकवून उभा केला. परसातून जास्वंद तोडून आणली, पाकळ्या पाण्यात बुडवल्या, पाट्याच्या दोन्ही बाजूंना चिकटवल्या. एका बाजूला टेबलफॅन लावला. सुगंधा उंबऱ्यात उभी राहून बघत होती. तीस वर्षं मी मुलांना असंच उंबऱ्यात उभं केलं होतं, आत या म्हटल्याशिवाय कुणी यायचं नाही.

पंख्याकडची पाकळी पडली. दुसऱ्या बाजूची जागची हलली नाही.

मी पंखा उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला. पुन्हा पाकळ्या लावल्या. आता त्या बाजूची पडली. पुन्हा फिरवला, पुन्हा तेच. मी तिच्याकडं विजयानं बघितलं. वर्गात एखाद्या मुलाच्या डोक्यात प्रकाश पडला की मला होतो तो आनंद मला हवा होता.

सुगंधानं तोंडावर पदर घेतला.

“आता बरा वाटला मा तुमका?” ती म्हणाली.

“अगो, ह्यात रडण्यासारख्या काय आसा? देव दाजीचो नाय. पंखो दाजीचो आसा.”

“मी लहान असताना आयेबरोबर त्या कौलाक जाय होतंय, बाई. बापाशीच्या दुखण्यात आमी देवाकच इचारला होता.” ती पाट्याकडं बघत राहिली. “तेव्हा पंखो नव्हतो,” असं म्हणाली, स्वतःशीच.

यावर माझ्याकडं उत्तर तयार होतं. पंखा नसेल तर दारातला वारा असेल, दगडाचा खडबडीतपणा असेल, गुरवाचं बोट असेल. तोंडावर आलेलं ते मी गिळलं. मला गिळता येतं हे मलाही त्या दिवशीच कळलं.

चहा केला. तिनं नाक पुसलं आणि पुन्हा आशा सेविकेसारखी सरळ बसली.

“मी सोमवारी देवळात सगळ्यांसमोर सांगतलंय,” मी म्हटलं. “हो पाटो घेवन जातंय. दाखयतंय करून.”

“आणि मगे?”

“मगे काय? लोकांक कळात.”

“काय कळतला? पंखो बंद करतले. मगे कळो डावो पडतलो की उजवो, कोणाक ठावक? आणि माणसा म्हणतली, मोंडकरणीन मेस्त्रीण बाईक घेवन देव बाटयल्यान. माका एक मत पडाचा नाय.” तिनं कप खाली ठेवला. “तुमका खरा सांगूचा हा, बाई. माका निवडान येवचा हा. ही दोन येगळी कामा हत.”

हे मात्र मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी पाट्यावरच्या पाकळ्या निपटून काढत बसले. पंखा अजून चालूच होता आणि सुकलेली पाकळी जमिनीवर इकडून तिकडं सरकत होती. ती कुणाच्या नावानं लावली होती हे पंख्याला काय ठाऊक?

“सुगंधा,” मी म्हटलं, “पंखो कोणाक वळखणा नाय.”

“म्हंजे?”

“दाजीच्या सुनेचा नाव घेतला काय उजवो पडता. तुझा नाव घेतला तरी उजवोच पडतलो.”

तिनं मान हलवली. “देवाक फसवूचा नाय माका.”

“फसवतंस खंय? तू खोटा काय बोलतंस? उमेदवार दोन हत. देवासमोर एकीचाच नाव घेवचा, ह्या कोणी ठरयला? दाजीन. तू इतक्याच म्हण, माझाव नाव घेवा. देवासमोर आपला नाव घेतल्यार पाप लागता काय?”

“नाय लागत,” ती हळूच म्हणाली.

“दोघींकव होकार मिळालो, तर कोणाचोच कौल लागाचो नाय. मगे मतदान.”

तिनं बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. “मतदानात मी पडलंय तर?”

“पडलंस तर माणसांनी पाडलीस. पंख्यान नाय.”

सोमवारी मी देवळात गेले. आत. कित्येक वर्षांनी. चपला काढताना आसपासच्या बायकांनी एकमेकींना कोपरं मारली. एक म्हातारी तर “येतली, येतली, सगळी येतत शेवटाक” असं मोठ्यानं म्हणाली, मला ऐकू जावं म्हणून. मी बायकांच्या घोळक्यात पुढं बसले, जिथून पंख्याचं बटण दिसत होतं. पंखा चालू होता. आबा गुरव घामानं निथळत होता, तो काही बंद करणार नव्हता.

दाजीनं नवा पांढरा सदरा घातला होता. बाहेर फटाक्यांची माळ तयार होती आणि पेढ्यांचा पुडा मयुरीच्याच हातात दिला होता. ती तो अवघडून धरून बसली होती. दाजीच्या शेजारी तात्या गावकर, गावचे पहिले मानकरी, काठीवर हनुवटी टेकून. तात्यांच्या शब्दाशिवाय आमच्याकडं नारळ फुटत नाही.

गाऱ्हाणं झालं. दाजीच्या सुनेला सरपंच करायची असेल तर उजवा कळा दे, म्हाराजा. व्हय म्हाराजा. उजव्या पाकळीची कड उचलली गेली, थरथरली आणि ती पडली.

“पडली,” सगळे एकदम म्हणाले. दाजीनं डोळे मिटून कपाळ जमिनीला टेकवलं. कुणी तरी फटाक्यांकडं धावलं.

“आबा,” सुगंधा उभी राहिली. “माझाव नाव इचारा.”

सगळ्या माना तिच्याकडं वळल्या.

“आता कित्याक?” एक जण म्हणाला. “देवान दिल्यान मा निवाडो.”

“देवान मयुरीक हो म्हटल्यान. माका नाय म्हणाक नाय. माका नाय म्हटल्यान तर मी आज सांजेक अर्ज मागे घेतंय. पण देवाच्या तोंडसून आयकान घेतंय. दाजीकाकांच्या नको.”

शेवटचं वाक्य आमचं ठरलेलं नव्हतं. ते तिचं होतं. मला ते फार आवडलं.

सगळे दाजीकडं बघायला लागले. मला भीती होती ती इथंच. पण दाजी उठून बसला आणि उदारपणानं हात हलवला. “इचार रे आबा. पोरीच्या मनात किंतु रवाक नको. देव दूध का दूध करतलो.”

आबानं नवीन पाकळ्या भिजवल्या, नवीन गाऱ्हाणं घातलं. सुगंधा मोंडकरला सरपंच करायची असेल तर उजवा कळा दे, म्हाराजा. व्हय म्हाराजा, या वेळी जरा पातळ.

आणि लाईट गेली.

पंखा घरघरत मंदावला आणि थांबला. गाभाऱ्यात नुसत्या समया उरल्या. दोन्ही बाजूंच्या पाकळ्या तशाच ओल्या, तशाच चिकटलेल्या. आता ती कुठलीही पडू शकत होती. मी, शालन मेस्त्री, हात घट्ट जोडून बसले होते. नमस्कार नव्हता तो, माझ्या हातांना दुसरं काही सुचलं नव्हतं. ओठ हलत होते. ये बाबा, ये, असं काही तरी मी पुटपुटत होते. सांगायचंच झालं तर ते खांबावरच्या तारांना उद्देशून होतं. पण शेजारच्या म्हातारीनं ते पाहिलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. आयुष्यात इतका अपमान मला कधी वाटला नव्हता, आणि मी हात सोडवले नाहीत.

कुणी तरी कुजबुजलं, देव रागावला. कुणी म्हणालं, आता नको विचारायला. आबा गुरव तात्यांकडं बघायला लागला. तात्या काठीवरून हनुवटी न उचलता म्हणाले, “कळे लावलेत मा? मगे पडासर थांबा.”

लाईट आली. पंख्याचं पातं आधी ओळखू येईल असं फिरलं, मग दिसेनासं झालं. उजव्या अंगाची पाकळी थरथरली. मी श्वास सोडला, तशी ती पडली.

फटाक्यांपाशी काडी पेटवून उभ्या राहिलेल्यानं ती फुंकून टाकली.

मी दाजीकडं बघत होते. इतके दिवस मी त्याला लबाड समजत होते. लबाडांशी माझं जमतं, त्यांना निदान खरं काय ते ठाऊक असतं. पण दाजीचा चेहरा पाहिला आणि कळलं की हा माणूस लबाड नव्हता. देव आपला आहे, खाण देवाला मान्य आहे, झर आटली तरी देवाला चालतंय, हे सगळं तो मनापासून मानत होता. त्याला पंख्याचं काहीच ठाऊक नव्हतं. त्यानं तो देवाला उकडतं म्हणून दिला होता. लहानपणी पाटीवरचं उत्तर बरोबर उतरवूनही बाईंनी छडी मारली की त्याचं तोंड असंच व्हायचं.

“परत लाव,” तो आबाला म्हणाला. “काय तरी चुकला. परत इचार.”

“तिसऱ्यांदा?” आबानं हात मागं घेतला. “एकाच गोष्टीक तिसऱ्यांदा देवाक इचारणत नाय, दाजी. तुका ठावक हा.”

“तात्यानू, तुमी सांगा.”

तात्या गावकर काठीच्या आधारानं उठले. उठायला त्यांना वेळ लागला आणि तेवढा वेळ सगळा गाव थांबला.

“देवान दोघींकव हो म्हटल्यान,” ते म्हणाले. “म्हंजे देव म्हणता, माका मधी घालू नकात. तुमचा तुमी बघा.” आणि चपला शोधायला लागले.

चाळीस वर्षं मी या गावाला हेच सांगत होते. हेच, याच शब्दांत. माझ्या तोंडून ते अभद्र होतं आणि रवळनाथाच्या तोंडून निवाडा. मी मंडपातून बाहेर आले ती न हसता.

मतदान झालं. सुगंधा निवडून आली. खालच्या वाडीनं तिला दिलंच, पण वरच्या वाडीतल्या बायकांनीही गुपचूप दिलं, ज्यांच्या घरी नवजात पोरांचं वजन करायला ती पावसाचिखलातून जायची. मयुरीनं कुणाला दिलं ठाऊक नाही. निकालाच्या संध्याकाळी ती वाटेत भेटली तेव्हा मला ती पहिल्यांदाच हसताना दिसली. खाणीला दाखला पुन्हा मिळाला नाही. दाजी कोर्टात गेला, वर्षभर ट्रक उभे राहिले, मग ते दुसऱ्या गावाला गेले. दुसऱ्या पावसाळ्यानंतर खालच्या वाडीच्या झरीनं पाणी धरलं. फार नव्हे, पण मे महिन्यात कळशी आडवी करून भरता येईल इतकं.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सुगंधा माझ्याकडं आली, नारळ घेऊन.

“देवाक ठेवन इलंय. ह्यो तुमका.”

“देवाक कित्याक? जिंकयला त्या पंख्यान.”

“पंखो दाजीन दिल्यान,” ती म्हणाली. “पण द्यायची बुद्धी तेका कोणी दिल्यान?”

या प्रश्नाला विज्ञानात उत्तर नाही, कारण हा प्रश्न विज्ञानात कुणी विचारत नाही. तिला मात्र तो विचारून फार समाधान झालं होतं. नारळ मी ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याची चटणी केली.

पण मला स्वस्थता नव्हती. पंखा तिथंच होता. सुगंधाचं काम झालं म्हणून मी गप्प बसले असते, तर दाजीत आणि माझ्यात काय फरक होता? आज ना उद्या कुणी तरी हुशार निघालं असतं आणि काहीही विचारलं तरी उजवाच पडतो हे त्याच्या ध्यानात आलं असतं. लोकांना पाट्यावर पाकळ्या लावून दाखवून उपयोग नव्हता, एवढं मी शिकले होते. शेवटी मी कणकवलीला गेले, दाजीच्या पंख्यासारखाच एक पंखा आणला आणि आबा गुरवाच्या हवाली केला. देवाच्या डाव्या अंगाला लाव म्हटलं. त्या बाजूला प्लग नव्हता, तोही बसवून घेतला.

“बाई, तुमी?” आबाचे डोळे भरून आले. “देवाक?”

“देवाक एका अंगाक उकडता,” मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

पंखा लावला त्या दिवशी सुगंधा आली होती. आम्ही दोघी गाभाऱ्याच्या दाराशी उभ्या होतो. आबानं दोन्ही बटणं दाबली. समयांच्या ज्योती आधी एकीकडं झुकल्या, मग दुसरीकडं, मग मधोमध थरथरत उभ्या राहिल्या. सुगंधा बघत होती. तिला सगळं कळत होतं, तिनं तो पाटा पाहिला होता.

“बाई,” ती हळूच म्हणाली, “आता देव काय सांगतलो?”

“आता काय सांगाचो नाय.”

“म्हंजे सगळा आमीच ठरवूचा?”

“व्हय.”

तिनं देवाकडं बघितलं, मग माझ्याकडं. खाणवाल्याला भिडताना न घाबरलेली ती बाई त्या क्षणी घाबरली होती. मला वाटलं, काही तरी बोलावं, धीर द्यावा. पण हे भय कसं घालवायचं ते मलाही येत नव्हतं. मी तिचा हात धरला आणि आम्ही तशाच उभ्या राहिलो.

ती पुन्हा निवडून आली. दोन्ही वेळा मतदानानं. कौल अजून लागतात, पण दोन्हीकडच्या पाकळ्या एकदमच वाळतात, कधी दोन्ही बरोबर पडतात, आणि लोक कंटाळून घरी जाऊन आपापसात ठरवतात. देव आताशा बोलत नाही, अशी तक्रार म्हातारे करतात.

माझे दोन्ही पाय नीट आहेत तोवर मी त्या कठड्यावरच बसणार आहे. तिथून गाभारा सरळ दिसतो. आबानं मला न विचारता नव्या पंख्याच्या जाळीवर लाल रंगात लिहून ठेवलंय, ‘श्रीमती शालन मेस्त्री यांजकडून देवाचरणी अर्पण’. मी पुसायला सांगितलं, तर म्हणाला, रंग पक्को आसा, बाई, जावचो नाय.